'कॉमन सेन्स' : एका जोडशब्दाचा अर्थविचार

१

'कॉमन सेन्स' हा इंग्रजी जोडशब्द मराठी माणसाच्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ विचारणाऱ्याच्याच ठिकाणी त्या गुणाचा अभाव असावा, असे ऐकणाऱ्यास वाटते. 'एवढा साधा कॉमन सेन्स नाही का?' या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. तो उत्तरासाठी विचारलेलाच नसतो. वाद मिटविण्यासाठी जो शब्द वापरला जातो, त्याच्या अर्थाविषयी वाद होत नाही. या शब्दाची चिकित्सा करावी असे वाटण्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण अध्यापनातील आहे. भाषांतराच्या वर्गात हा शब्द आला की बहुतेक विद्यार्थी 'व्यवहारज्ञान' असा प्रतिशब्द देऊन पुढे जातात. उतारा अ‍ॅरिस्टॉटलच्या मानसशास्त्रासंबंधी असो, रीडच्या तत्त्वज्ञानासंबंधी असो, की टॉमस पेनच्या पुस्तिकेसंबंधी असो, प्रतिशब्द तोच. मग अ‍ॅरिस्टॉटल पाच ज्ञानेंद्रियांच्या जोडीला व्यवहारज्ञानाची योजना करतो आणि रीड व्यवहारज्ञानाच्या बळावर ह्यूमचे खंडन करतो, असे चमत्कारिक निष्कर्ष निघतात. हा दोष सर्वस्वी विद्यार्थ्यांचा नव्हे. मूळ शब्दच असा आहे की, त्याच्या पोटात निदान चार वेगवेगळे अर्थ एकाच नावाने नांदत आहेत, आणि इंग्रजी वाचकासही ते वेगळे असल्याची जाणीव क्वचितच असते. हे अर्थ कसे घडले, ते एकमेकांत कसे मिसळले, आणि मराठीने या शब्दाचे काय करावे, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दाच्या घडणीकडे पाहू. 'ब्लॅकबोर्ड' या शब्दात आघात पहिल्या पदावर पडतो आणि दोन्ही पदे जोडून लिहिली जातात; तो समास आहे याविषयी शंका राहत नाही. 'कॉमन सेन्स' मध्ये मात्र मुख्य आघात दुसऱ्या पदावर आहे, आणि नाम म्हणून तो दोन सुट्या शब्दांत लिहिला जातो. विशेषण म्हणून वापरताना तो जोडून किंवा मधे लहान रेघ देऊन लिहितात. तेव्हा उच्चारावरून आणि लेखनावरून हा विशेषण व विशेष्य यांचा साधा संबंध आहे, असे कोणी म्हणेल. पण अर्थाची कसोटी लावली की निराळे दिसते. 'अधिक कॉमन असा सेन्स' किंवा 'फार कॉमन असा सेन्स' असे म्हटले, की जो अर्थ अभिप्रेत आहे तो नाहीसा होतो. विशेषण लावावयाचे तर ते साऱ्या जोडशब्दाच्या आधी लावावे लागते. म्हणजे दोन पदे सुटी दिसली तरी ती एका अर्थाशी बांधली गेली आहेत.

आपल्या वैयाकरणांची परिभाषा येथे उपयोगी पडते. पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच सूत्रावर भाष्य करताना पतंजलीने सामर्थ्याचे दोन पक्ष मांडले आहेत. व्यपेक्षेत पदे आपापला अर्थ राखून एकमेकांची अपेक्षा धरतात. एकार्थीभावात ती आपले वेगळेपण टाकून एकच अर्थ सांगतात. 'कॉमन सेन्स' चा इतिहास हा व्यपेक्षेकडून एकार्थीभावाकडे झालेला प्रवास होय, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु या प्रवासात एक गोष्ट वाटेत गळून पडली. 'कॉमन' म्हणजे सामाईक. आणि सामाईक हे पद नेहमी 'कोणाला?' या प्रश्नाची अपेक्षा ठेवते. विहीर सामाईक असते ती दोन भावांना; भिंत सामाईक असते ती दोन घरांना. समास घट्ट झाला तेव्हा हे तिसरे पद, म्हणजे ज्यांना ती गोष्ट सामाईक आहे ते, बोलण्यातून नाहीसे झाले. 'कॉमन सेन्स' च्या सर्व अर्थांतरांचे बीज या नाहीशा झालेल्या पदात आहे.

३

पहिल्या अर्थी सामाईकपणा माणसांचा नसून इंद्रियांचा आहे. रंग डोळ्याला कळतो, गोडी जिभेला कळते. पण पांढरेपणा वेगळा आणि गोडी वेगळी, हे कशाला कळते? डोळ्याला गोडी ठाऊक नाही, जिभेला रंग ठाऊक नाही. शिवाय गती, स्थिती, आकार, परिमाण व संख्या या गोष्टी एकाच इंद्रियाचा विषय नाहीत. 'आत्म्याविषयी' या ग्रंथात अ‍ॅरिस्टॉटलने हा प्रश्न चर्चिला, आणि इंद्रियांना एकत्र आणणाऱ्या या शक्तीला पुढे 'सामाईक संवेदना' हे नाव पक्के झाले. इब्न सीनाने तिचे स्थान मेंदूच्या पुढील पोकळीत मानले. अरबी परिभाषेत ती 'हिस्स मुश्तरक' झाली आणि लॅटिनमध्ये 'सेन्सस कम्युनिस'. १६२१ साली रॉबर्ट बर्टनने विषण्णतेवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा 'कॉमन सेन्स' हे कल्पना व स्मृती यांच्या जोडीचे एक अंतरिंद्रिय होते. त्या काळच्या वाचकास यात शहाणपणाचा वास येण्याचे कारण नव्हते.

येथे आपल्याकडील 'मन' हा प्रतिशब्द सुचणे स्वाभाविक आहे. पण तो घेऊ नये. न्यायदर्शनात मन हे अंतरिंद्रिय खरे, परंतु त्याच्या अस्तित्वाची खूण अशी सांगितली आहे की, अनेक ज्ञाने एकाच वेळी उत्पन्न होत नाहीत. म्हणजे मन हे इंद्रियांना एकत्र आणण्यापेक्षा त्यांना एकामागून एक पाळी देण्याचे काम करते. जे मी पाहिले त्यालाच मी स्पर्श केला, ही एकत्वाची प्रतीती न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी आत्म्याच्या सिद्धीसाठी वापरली आहे. अ‍ॅरिस्टॉटलने जे काम संवेदनेच्याच एका सामाईक शक्तीकडे दिले, ते नैयायिकांनी आत्म्याकडे दिले. 'मन' हा प्रतिशब्द योजल्याने हा महत्त्वाचा भेद झाकला जातो.

दुसरा अर्थ रोमन आहे आणि तो या पहिल्या अर्थाशी संबंधित नाही. सिसेरो व होरेस यांच्या लेखनात 'सेन्सस कम्युनिस' म्हणजे माणसामाणसांत वावरताना असावी लागणारी जाण. सिसेरोच्या मते वक्त्याचा मोठा दोष म्हणजे या जाणिवेपासून दूर जाणे. होरेसच्या पहिल्या पुस्तकातील तिसऱ्या उपहासिकेत एक प्रसंग आहे : दुसरा मनुष्य वाचीत बसलेला किंवा स्वस्थ बसलेला असताना कोणी भाबडा मध्येच जाऊन काहीबाही बोलू लागतो, आणि लोक म्हणतात की याच्या ठिकाणी हा गुण मुळीच नाही. येथे 'व्यवहारज्ञान' म्हटले तर पैशाअडक्याचा विचार मनात येतो; 'अक्कल' म्हटले तर निंदा अधिक होते. मराठी माणूस अशा वेळी नेमका शब्द वापरतो : 'याला पोच नाही.' १७०९ साली शाफ्ट्सबरीने 'सेन्सस कम्युनिस' याच नावाने विनोदाच्या स्वातंत्र्यावर निबंध लिहिला, त्यात त्याने हा रोमन अर्थ पुन्हा वर काढला आणि त्यास समाजाच्या हितावरील प्रेमाची जोड दिली. व्होल्तेरने आपल्या तत्त्वज्ञानकोशात अशी तक्रार केली आहे की, रोमन लोकांत या शब्दात माणुसकीचाही अर्थ होता आणि आता त्याचा निम्माच अर्थ उरला आहे. त्याची तक्रार फ्रेंच शब्दाविषयी होती. ती इंग्रजी शब्दासही तंतोतंत लागू पडते.

तिसरा अर्थ स्कॉटलंडमधील तत्त्वज्ञांचा. ह्यूमच्या संशयवादामुळे बाह्य जग, कार्यकारणभाव, किंबहुना 'मी' हाही पुराव्यावाचून उरला. यावर टॉमस रीडने १७६४ च्या आपल्या ग्रंथात असे उत्तर दिले की, काही तत्त्वे अशी आहेत की ज्यांना प्रमाण देता येत नाही, आणि तरीही ती गृहीत धरल्यावाचून कोणासही एक दिवस जगता येत नाही. ही तत्त्वे सर्व मनुष्यजातीस सामाईक आहेत. १९२५ साली जी. ई. मूर यांनी 'कॉमन सेन्स' च्या समर्थनार्थ जो निबंध लिहिला, त्याचा रोख हाच आहे : मला देह आहे, तो एके काळी जन्मास आला, पृथ्वी माझ्या जन्मापूर्वी पुष्कळ वर्षे अस्तित्वात होती, हे मला निश्चित ठाऊक आहे, ज्या तत्त्वज्ञानाने हे खोटे ठरते, त्या तत्त्वज्ञानातच कोठेतरी चूक असली पाहिजे. जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या आपल्या लेखात यंत्राला 'कॉमन सेन्स' देण्याचा प्रश्न मांडला, तोही याच अर्थाच्या जवळचा होय. पेला उलटा केला तर पाणी सांडते, हे मुलाला कोणी शिकवीत नाही. यंत्राला मात्र सांगावे लागते. जे सर्वांना ठाऊक आहे म्हणून कोणी कोठे लिहून ठेवीत नाही, तेच यंत्राच्या बाबतीत सर्वांत अवघड ठरले.

चौथा अर्थ आजच्या बोलण्यातील : प्रत्येकाजवळ असावे असे किमान शहाणपण. येथे 'कॉमन' म्हणजे सामाईक राहिले नाही. ते 'सामान्य', 'साधे' असे झाले. 'कॉमन सेन्स हा काही फारसा कॉमन नसतो' ही जुनी कोटी या दोन अर्थांवरच उभी आहे. कोटी हसण्यावारी नेली जाते, पण तिच्यात शब्दाचा सारा इतिहास आहे.

४

हे चार अर्थ वेगळे राहिले असते तर अडचण नव्हती. अडचण अशी की, चौथ्या अर्थाने बोलणारा मनुष्य तिसऱ्या अर्थाचे वजन उसने घेतो. 'हे साधे शहाणपण आहे' असे म्हणताना 'हे सर्वांना मान्य आहे' असेही सुचविले जाते. आणि सर्वांना मान्य आहे म्हणून ते खरे आहे, असा निष्कर्ष न उच्चारताच पदरात पाडून घेतला जातो. संमती, शहाणपण आणि सत्य या तीन गोष्टी एका जोडशब्दात शिवल्या गेल्या आहेत.

शेजारच्या भाषांनी ही शिवण इतकी घट्ट होऊ दिली नाही. देकार्तने १६३७ च्या 'पद्धतिविचारा'च्या आरंभी जो गुण सर्व माणसांत सारखा वाटला गेला आहे असे म्हटले, त्यास त्याने 'बाँ साँस', म्हणजे सद्‌बुद्धी, हे नाव दिले. इंद्रियांच्या सामाईक स्थानासाठी त्याने दुसरा शब्द वापरला. इटालियनमध्ये ग्राम्शीने तुरुंगात लिहिलेल्या टिपणवह्यांत 'सेन्सो कोमूने' आणि 'बुओन सेन्सो' यांत स्पष्ट भेद केला. पहिला म्हणजे वेगवेगळ्या काळांतील समजुतींचे, तपासल्यावाचून स्वीकारलेले, विस्कळीत गाठोडे. दुसरा म्हणजे त्या गाठोड्यातील निरोगी गाभा. ग्राम्शीचे इंग्रजी भाषांतर वाचणारा विद्यार्थी 'कॉमन सेन्स' वरील त्याची टीका वाचून गोंधळतो, कारण इंग्रजीत तो शब्द स्तुतीचा आहे. तेथून 'व्यवहारज्ञान' असे मराठी केले की गोंधळ दुप्पट होतो. कांटने तर १७९० च्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत या शब्दाच्या द्व्यर्थतेवरच बोट ठेवले : जर्मन भाषेत, आणि इतरही भाषांत, 'सामान्य' या शब्दाने हलकेपणाही सुचविला जातो, म्हणून सामाईक जाण आणि सामान्य समज यांची गफलत होते. १७८३ सालीच रीड व त्याच्या अनुयायांवर त्याने असा आक्षेप घेतला होता की, युक्तिवाद संपला म्हणजे लोकमताचा आश्रय करणे हे तत्त्वज्ञान नव्हे. रीडच्या बाबतीत हा आक्षेप थोडा अन्यायाचा आहे. रीडला लोकांचे मत अभिप्रेत नव्हते, मतांच्याही आधी गृहीत असणारी तत्त्वे अभिप्रेत होती. पण त्याने निवडलेल्या शब्दानेच कांटला ही संधी दिली, हे मान्य केले पाहिजे.

या शिवणीचे बळ आणि तिचा धोका दोन्ही पेनच्या पुस्तिकेत दिसतात. १७७६ च्या जानेवारीत फिलाडेल्फियात 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाली. हे नाव आपण सुचविले, पेनच्या मनात 'साधे सत्य' असे नाव होते, असे बेंजामिन रश याने आपल्या आत्मचरित्रात म्हटले आहे. (पुढे त्याच वर्षी पेनला विरोध करणारी एक पुस्तिका निघाली, तिचे नाव नेमके 'साधे सत्य' हे होते.) पेनचे प्रतिपादन लोकांना तोवर मान्य असलेल्या समजुतीचे नव्हते, पुष्कळ वसाहतवाल्यांना अजूनही इंग्लंडशी समेटाची आशा होती. वंशपरंपरेने राजा का असावा, लहान बेटाने मोठ्या खंडावर राज्य का करावे, हे प्रश्न त्याने साध्या माणसाच्या बुद्धीपुढे ठेवले. म्हणजे त्याने 'कॉमन सेन्स' चे आवाहन रूढ समजुतीच्या विरुद्ध केले. आरंभीच त्याने वाचकास सावध केले आहे की, दीर्घकाळच्या सवयीमुळे चुकीची गोष्टही योग्य दिसू लागते. आणि तरीही पुस्तिकेचे नाव असे की, वाचकास वाटावे, आपल्याला हे पूर्वीपासून ठाऊकच होते! जे अजून कोणाचे मत नाही ते सर्वांचे मत म्हणून मांडणे, हे या नावाचे कौशल्य होते.

हेच हत्यार उलट बाजूनेही चालते. पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ १८४७ च्या सुमारास जोतीराव फुले यांच्या वाचनात आला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. त्या वेळच्या पुण्यात मुलींना शिकवू नये हीच बहुतेकांची सामाईक समज होती. त्यासाठी कोणास युक्तिवाद करण्याची गरजही वाटत नव्हती. 'कोणाला सामाईक?' हा प्रश्न अशा वेळी केवळ व्याकरणाचा राहत नाही. मुलींची स्वतःची समज त्या सामाईकपणात कोणी धरलीच नव्हती. सत्यधर्मावरील आपल्या अखेरच्या ग्रंथास, जो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला, जोतीरावांनी 'सार्वजनिक' हे विशेषण लाविले. या विशेषणात 'सर्व जन' उच्चारून सांगितले आहेत. गळून पडलेले तिसरे पद तेथे परत आले आहे.

५

आता मराठीचा विचार. या गुणासाठी मराठीत शब्दांची वाण नाही : विवेक, सारासार विचार, तारतम्य, पोच, अक्कल, शहाणपण, व्यवहारज्ञान. या शब्दांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी एकही शब्द 'हे सर्वांचे आहे' असे सांगत नाही. विवेक म्हणजे वेगळे करणे. सारासार म्हणजे सार आणि असार यांची निवड. तारतम्य हा शब्द तर 'तर' व 'तम' या तुलनेच्या प्रत्ययांपासून झालेला, म्हणजे कमीअधिक ओळखणे. इंग्रजी शब्द तो गुण कोणाजवळ आहे ते सांगतो. मराठी शब्द त्या गुणाने काय करावयाचे ते सांगतात. बहुजनांच्या संमतीसाठी मराठीने निराळे शब्द राखून ठेवले आहेत : जनरीत, लोकरूढी, लोकाचार. रीत पाळावी की विवेक करावा, असा प्रश्न मराठीत विचारता येतो. 'कॉमन सेन्स' या शब्दाने तो विचारणेच अवघड होते, कारण रीत आणि विवेक दोन्ही त्याच्याच पोटात आहेत.

'अक्कल' या शब्दाची कथा आणखी बोधप्रद आहे. अरबी तत्त्वज्ञांच्या परिभाषेत 'अक्ल' म्हणजे इंद्रियांच्या फार वरची, अ‍ॅरिस्टॉटलच्या परम बुद्धीशी जोडलेली शक्ती. 'हिस्स मुश्तरक' तिच्या कितीतरी खालची. मराठीत आल्यावर ही अक्कल गहाण पडू लागली, तिचे तारे तुटू लागले, आणि झालेले नुकसान अक्कलखाती जमा होऊ लागले. इंग्रजीत इंद्रियाचा शब्द चढत चढत शहाणपणापर्यंत गेला. मराठीत बुद्धीचा शब्द उतरत उतरत त्याच पायरीवर आला. दोघांची भेट रोजच्या बोलण्यात, आणि तीही बहुधा नकारार्थी वाक्यात, व्हावी हे लक्षणीय आहे. हा गुण असल्याची नोंद कोणी घेत नाही. नसल्याची मात्र लगेच घेतली जाते.

'सामान्य' या शब्दाने मात्र आपल्यालाही इंग्रजीसारखेच फसविले आहे. वैशेषिकांचा 'सामान्य' हा पदार्थ म्हणजे अनेकांत एकत्वाने राहणारा धर्म, जसे गोत्व. व्याकरणातील 'सामान्यनाम' या संज्ञेत तो जुना अर्थ टिकला आहे. त्या वर्गातील सर्वांना लागणारे ते नाम, साधेसुधे नाम नव्हे. परंतु 'सामान्य माणूस' म्हणताना आपण विशेष नसलेला माणूस असे समजतो. 'सामान्यज्ञान' हा शब्द या कामी घेता आला असता, पण तो परीक्षांतील माहितीवजा प्रश्नांनी आधीच अडविला आहे. ज्याला ते भरपूर असते त्याला कॉमन सेन्स असतोच असे नाही, हा अनुभव सर्वांचा आहे.

तेव्हा भाषांतरकाराने एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट सोडावा, असे सुचवावेसे वाटते. अ‍ॅरिस्टॉटल व मध्ययुगीन ग्रंथकार यांच्यासाठी 'सामाईक इंद्रियशक्ती'. होरेस व शाफ्ट्सबरी यांच्यासाठी बोलीत 'पोच' व ग्रंथभाषेत 'समाजभान'. रीड व मूर यांच्यासाठी 'सर्वसाधारण प्रतीती'. ग्राम्शीसाठी 'रूढ समज'. आणि रोजच्या वापरासाठी प्रसंगाप्रमाणे तारतम्य, अक्कल किंवा व्यवहारज्ञान. यावर एक आक्षेप येईल आणि तो बिनमहत्त्वाचा नाही : इंग्रजीत हे सारे एकाच शब्दाने बांधलेले आहे, ते मराठी वाचकास दिसणार नाही. त्यावर उपाय इतकाच की, प्रथम उल्लेखाच्या वेळी मूळ शब्द देवनागरीत द्यावा आणि कोणता अर्थ घेतला ते सांगावे. पेनच्या पुस्तिकेचे नाव मात्र तसेच ठेवावे. त्याचे कौशल्य द्व्यर्थतेत आहे, आणि द्व्यर्थता भाषांतरात उतरत नाही.

बोलण्यातला 'कॉमन सेन्स' कोणी काढून टाकू शकणार नाही, आणि काढावा असाही आग्रह नाही. परंतु तो शब्द आला म्हणजे त्याचे गळालेले पद परत मागण्याची सवय लावून घेणे शक्य आहे. कोणी म्हणाला, 'हा साधा कॉमन सेन्स आहे', तर नम्रपणे विचारावे : कोणाला सामाईक? ज्याचे म्हणणे खरे आहे त्याला या प्रश्नाचे उत्तर देणे जड जाणार नाही. आणि ज्याला ते जड जाईल, त्याने निदान एक युक्तिवाद अधिक करावा.